सतरा नंबरचा कोपरा

सहादू मुकादम त्या सकाळी माझ्या टेबलाशी थांबला नाही. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला जावं तर समोरचा म्हणेल, बाई, यात काय एवढं? पण एकाहत्तर सालापासून, म्हणजे बारा वर्षं, गावात पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी हा माणूस नगरपालिकेच्या कचेरीचा जिना चढून सरळ माझ्यापाशी यायचा. चपला दाराशी काढायचा. मी नकाशा उलगडून ठेवलेला असायचा. बोटाला चिखल असतो म्हणून बोट कागदाला न टेकवता वरच्यावर फिरवायचा आणि सांगायचा, "बाई, पानी इथवर व्हतं. हितून मागं फिरलं." मी निळ्या पेन्सिलीने तिथे रेघ ओढायचे. पाणी किती वाजता चढलं, किती वेळ राहिलं, कुणाच्या उंबऱ्याला लागलं, सगळं बारीक अक्षरात बाजूला लिहायचे. त्र्याऐंशीच्या एप्रिलात एक वळीव दणकून पडला. दुसऱ्या दिवशी मी पेन्सिलीला टोक करून बसले होते. सहादू आला, चपला काढल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे खिडकीजवळच्या टेबलाकडे गेला. तिथे लता बसायची. तिच्यापुढे त्याने बोट फिरवलं आणि तेच शब्द बोलला. इथवर व्हतं, हितून मागं फिरलं. मी सगळं ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आणि मी शाईची बाटली उगाच उघडून परत बंद केली.

आमच्या खात्याचं काम लोकांना कळत नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की सगळं नाशिक पात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला पोरंबाळं घेऊन जातं. तो पूर थोर. आमचं पाणी निराळं. ते गावातच पडतं, गावातच अडकतं, गंगेपर्यंत पोचायला त्याला वाट मिळत नाही. रस्त्यांवरून वाहतं, उताराला लागतं, गल्लीबोळांत शिरतं आणि कुणाच्या तरी चुलीत जाऊन बसतं. त्याला वाट करून द्यायची म्हणून गटारं, नाले आणि रस्त्याखालून जाणाऱ्या दगडी मोऱ्या. पावसाळ्याआधी त्या साफ करायच्या, पावसाळ्यात राखायच्या. कोणती मोरी कुठून कुठे जाते, ते नकाशात. आणि नकाशा काढणारी मी, ट्रेसर. जुन्या नकाशावर निळसर मेणकापड अंथरायचं, टाचण्या मारायच्या आणि खालची रेघ न् रेघ रुलिंग पेनने वर उतरवायची. उघडं गटार असलं तर सलग रेघ, जमिनीखालची मोरी असली तर तुटक. सबंध नाशिकच्या पोटातलं पाणी माझ्या हाताखालून गेलेलं आहे. बारा वर्षांत एक रेघ सुटली नाही. साहेब लोक बदलले, सगळे एवढं मात्र म्हणून गेले की विमलाबाईंच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. आता गंमत सांगते. त्यातली एकही मोरी मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मला कुणी नेलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही की मला न्या.

लता आमच्याच कॉलनीतली. तिची आई भिमाबाई आणि आमची आई एका नळावर भांडून मोठ्या झालेल्या. सत्तर साली मी मॅट्रिक झाले आणि वर्षभरात नोकरीला लागले, तेव्हा जयंतीच्या सभेत बुद्धविहारासमोर माझा सत्कार झाला होता. कॉलनीतली खुर्चीवर बसून नोकरी करणारी पहिली मुलगी. हार घातला, भाषणं झाली, माझे वडील पुंजाराम मास्तर मागच्या रांगेत उभे राहून रडले. लता तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, माझा हार हाताळून बघत होती. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला. डिप्लोमाचा फॉर्म मी आणून ठेवला होता तो तसाच ट्रंकेत राहिला, लग्नही राहिलं, आणि त्याचं मला फार काही वाटलं असंही नाही, कारण सकाळी अकराला टेबलाशी बसलं की माझं माझं एक राज्य होतं. अठ्ठ्याहत्तर साली भिमाबाई दारात आली. म्हणाली, पोरगी मॅट्रिक झाली, हिला तुझ्यासारखी कर. कर म्हणजे काय करू? साहेबांच्या हातापाया पडून तिला माझ्या हाताखाली ट्रेसर म्हणून लावून घेतलं. आणि डिप्लोमाचा फॉर्म तिला मीच आणून दिला. हे मी कॉलनीत सगळ्यांना सांगत असे. नंतर नंतर सांगायचं बंद केलं.

शिकवताना मी काही राखून ठेवलं नाही हो. पेन कसा उभा धरायचा, रेघ ओढताना श्वास कुठे रोखायचा, चुकलं तर ब्लेडने कसं खरवडायचं की कापड विटणार नाही. पहिलं वर्षभर ती कापडं नासवायची. आमच्यात एक पद्धत आहे, नासलेलं ट्रेसिंगचं कापड टाकत नाहीत. घरी नेऊन गरम पाण्यात भिजवलं की त्याचं मेण-खळ निघून जाते आणि आतून इतकं तलम कापड निघतं की बाजारात मिळायचं नाही. बायका त्याची झबली शिवतात, हातरुमाल शिवतात. माझ्या हातचं कापड नासायचंच नाही, तेव्हा माझ्या घरच्या सगळ्या उशांचे अभ्रे लताच्या चुकांचे होते. रात्री त्यावर डोकं ठेवताना मला बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण ती चुकायची थांबली. संध्याकाळच्या वर्गांना जायला लागली. ब्याऐंशीच्या दिवाळीत नगरपालिकेची महानगरपालिका झाली, जागा निघाल्या, आणि माझ्या हाताखालची पोरगी कनिष्ठ अभियंता होऊन खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. अभियंता. तिने गमबूट घेतले. साडी खोचून, गमबूट घालून ती सहादूच्या माणसांबरोबर नाल्यात उतरायची आणि येताना चिखलाचा वास घेऊन यायची. मला तो वास सहन होत नसे. मी नाकाला पदर लावायचे आणि ती बिचारी म्हणायची, ताई, सॉरी हं. त्या चौदा एप्रिलला कॉलनीत तिचा सत्कार झाला. हार मीच घालावा असं भिमाबाईने सुचवलं. मी घातला. टाळ्या वाजत असताना माझ्या मनात एकच होतं, की ही वाकली का नाही? ती वाकली होती, पाया पडली होती, फोटोतही तसं दिसतं. मला मात्र ती ताठच दिसली.

वळवाच्या दुसऱ्या दिवशी सहादू पुढे निघून गेला, त्याच आठवड्यात बावीसच्या बावीस नकाशे नव्याने काढायचं काम आलं. महानगरपालिका झाली म्हणून. प्रत्येक नकाशाच्या उजव्या हाताला खाली कोपऱ्यात एक चौकट असते, तीत कचेरीचं नाव, नकाशाचं नाव, आणि कुणी आखला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला त्यांची नावं. ट्रेसरची नुसती आद्याक्षरं, तीही तळाशी, मुंगीएवढी. वि. सा. झालं, विमल पुंजाराम साळवे संपली. पूर्वीची चौकट चार बोटांची होती. आता नाव लांबलं, बोधचिन्ह आलं, सह्या करणारे तिघांचे पाच झाले. साहेबांनी मोठ्या चौकटीचं माप दिलं. 'आखणी' या शब्दापुढे नाव होतं ल. ज. पगारे. लता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, जरा लाजली आणि म्हणाली की ताई, चौकट तेवढी तुमच्या हातची छान काढा, माझं नाव पहिल्यांदा येतंय, आईला दाखवायचंय. साहेब हसले. सगळे हसले. मीही हसले तोंडदेखलं.

सतरा नंबरचा नकाशा करताना ते झालं. खालचा मूळ नकाशा इंग्रजांच्या वेळचा, शाई विटून चहाच्या रंगाची झालेली. त्याच्या उजव्या कोपऱ्यात कासार बोळ. चारी बाजूंनी रस्त्यांचं पाणी उतरून त्या बोळात येतं, आणि तिथून घरांच्या खालून एक दगडी मोरी मागच्या नाल्याला जाते. तुटक रेघ. ती अख्खी रेघ नव्या चौकटीच्या खाली येत होती. असं झालं की काय करायचं हे शेंबडं पोरही सांगेल. अभियंत्याला हाक मारायची, चौकट डावीकडे सरकवायची. पूर्वी दोनदा मी तसं केलेलं होतं. मी मान वर केली. लता खिडकीशी उभी राहून सहादूशी बोलत होती. तो नकाशावर बोट फिरवत होता आणि ती निळ्या पेन्सिलीने रेघ ओढत होती. तिची रेघ जाड येत होती, बावळट. हाक मारली असती तर ती आली असती, ताई म्हणाली असती, आभार मानले असते. तिच्या तोंडून आभार ऐकायची माझी इच्छा नव्हती. मी पेन शाईत भरला आणि कोपऱ्यात चौकट काढली. इतकी सुबक चौकट मी जन्मात काढली नसेल. तिच्या नावाची अक्षरं काढायला मला अर्धा तास लागला. खाली मोरी होती. वर ल. ज. पगारे.

नकाशांवरून लताने साफसफाईची यादी केली. नव्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक मोरीला नंबर, नंबराप्रमाणे माणसं. ज्या मोरीला नकाशात जागा नाही तिला नंबर नाही, जिला नंबर नाही तिच्यात घमेलं उतरणार नाही. जुना मुकादम फकिरा असता तर त्याने नकाशाला विचारलंही नसतं, त्याला कासार बोळ पाठ होता. पण तो दिवाळीला रिटायर होऊन देवळ्याला लेकीकडे गेला आणि त्याचा भाग सहादूकडे आला. मला हे सगळं माहीत होतं. मी रोज स्वतःला सांगायचे, एवढे गमबूट घेतलेत ना, जाऊ दे की फिरायला, सापडेल तिची तिला. मे गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी कचेरीतून डोकं दुखतं म्हणून निघाले आणि पाय कासार बोळात गेले. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी काढलेली जागा बघत होते. कागदावर दोन इंचांचा बोळ, इथे दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील असा. पायरीवर पुतळाबाई नावाची एक वयस्क बाई बांगड्यांचे जोड लावत बसली होती. मी मोरीचं विचारलं. ती म्हणाली, पायाखालीच आहे म्हणतात, आमचे सासरे सांगायचे. मग तिने मला निरखून बघितलं. कचेरीच्या का तुम्ही? दरवर्षी तो म्हातारा मुकादम यायचा माणसं घेऊन, यंदा कुणी फिरकलं नाही. येणार आहेत का? मी म्हटलं, येतील. तिने माझा हात ओढून मापाच्या दोन हिरव्या बांगड्या चढवल्या, पैसे घेतले नाहीत. म्हणाली, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं.

आता खरं सांगते, मी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी जिना चढताना वाक्य जुळवलेलं होतं, की लता, सतरा नंबरला एक मोरी राहिलीय, माझ्याकडून राहिली. वर गेले तर टेबलाटेबलावर पेढे. लताची नेमणूक कायम झाली होती. साहेब सगळ्यांदेखत म्हणत होते की नकाशे आणि याद्या इतक्या नीट या कचेरीत कधी झाल्या नव्हत्या. बारा वर्षं मी काय तिथे गोवऱ्या थापत होते? लताने पहिला पेढा माझ्या तोंडाशी धरला. ताई, हे सगळं तुमचं. मी तोंड उघडलं, पेढा खाल्ला, आणि जे सांगायचं ते त्याच्याबरोबर गिळलं. त्या क्षणी मला वाटलं, होऊ दे. एक पाऊस होऊ दे. कुणाचं काही जायला नको, पण हिच्या नकाशावर सगळ्यांनी बोट ठेवावं एवढं होऊ दे. देवधर्म आम्ही सोडलेला, तरी मी मागितलं तर हे मागितलं.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी दोन ते चार पाऊस पडला. गंगेला काही झालं नाही. कासार बोळात कमरेइतकं पाणी चढलं आणि उतरायला वाट मिळेना. मी खिडकीशी उभी राहून कौलांवरून पडणारं पाणी बघत होते आणि माझ्या मनात ते पाणी रेघेरेघेने पुढे सरकत होतं. आता मेनरोडवरून वळलं, आता उताराला लागलं, आता बोळात शिरलं, आता चौकटीच्या कडेशी येऊन थांबलं. सुख वाटत होतं, ते लपवून काय करू? संध्याकाळी सहादू भिजून आला. पुतळाबाईची मागची भिंत बसली, बाई खाली सापडली, मांडीचं हाड मोडलं, सिव्हिलमध्ये नेलीय. तो आल्या आल्या लताकडे गेला नाही की माझ्याकडे आला नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना मिळून म्हणाला, "तितं मोरी व्हती. लोकं म्हनतात, व्हती. आमाला कुनी सांगितलं नाय." बांगड्या मी आठवडाभर आधीच काढून ठेवल्या होत्या. कशासाठी काढल्या, ते आता आठवत नाही.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर मूळ सतरा नंबर पसरलेला, त्याच्याशेजारी माझा. लता एका बाजूला उभी. दोन दिवस तीच सिव्हिलमध्ये बसून होती असं कळलं होतं, डोळे सुजले होते. दाराशी सहादू. साहेब नव्या चौकटीवर पेन्सिल आपटत होते. मी मनाशी सगळं ठरवून गेले होते. विचारलं तर म्हणायचं, मापाप्रमाणे चौकट काढली, बाकी बघणं अभियंत्याचं काम. नाव तिचं आहे ना? मग निस्तरावं. पण साहेबांनी मला विचारलंच नाही. त्यांनी लताने लिहिलेला जबाब वाचायला घेतला. तिने लिहिलं होतं, मूळ नकाशावरची रेघ अतिशय पुसट झालेली आहे. साळवेबाई बारा वर्षं बारीक काम करत आल्यामुळे त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे त्यांची सहकारी म्हणून मला ठाऊक असायला हवं होतं. ती रेघ त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांना दोष देऊ नये. यादी करण्याआधी मी स्वतः बोळात जाऊन पाहिलं नाही, ही जबाबदारी माझी आहे.

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, विमलाबाई, खाली सही करा, की मला रेघ दिसली नव्हती. हिला लेखी समज देतो, तुमचं चष्म्याचं बघू, तुम्हाला हलकं काम देऊ. विषय संपला. आवाज मऊ होता. लता माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कळवळा होता, खराखुरा, भिमाबाईच्या पोरीचा. दाराशी सहादूने मान खाली घातली. बाईचे डोळे गेले, असं त्या मानेत होतं. मला सुटका मिळत होती. लताला कमीपणा मिळत होता. मागितलेलं सगळं पदरात पडत होतं आणि माझ्या कानशिलात आग उठली. नजर राहिलेली नाही म्हणे. कुणाची? मी टेबलापासून चांगली चार हात लांब उभी होते. तिथूनच मी मूळ नकाशाकडे बोट केलं.

"अकरा तुकडे आहेत त्या रेघेत," मी म्हणाले. "सातवा जरा लांब झालाय, काढणाऱ्याचा हात तिथे घसरलाय. नवव्याशेजारी पेन्सिलीने तीन फूट रुंदी लिहिलीय. वाकून बघा."

साहेब वाकले. मोजायला त्यांना भिंग लागलं. सहादूही दोन पावलं आत आला. साहेबांचे ओठ अकरापर्यंत हलले आणि थांबले.

"मग तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती. पहिल्या दिवशी दिसली. मी काढली नाही."

पुतळाबाईचं मोडलेलं हाड त्या वेळी माझ्या मनात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पश्चात्ताप वगैरे नव्हता. माझ्या नजरेला कुणी अधू म्हणू नये, निदान हिने तरी म्हणू नये, एवढंच होतं. लताचा कळवळा हळूहळू उतरत गेला आणि खाली जो चेहरा राहिला तो मी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं मी वाट बघत होते की तिने माझ्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघावं. तसं तिने तेव्हा बघितलं. रडली नाही, का म्हणून विचारलंही नाही. साहेबांच्या पुढ्यातून तिने आपला जबाब उचलला, चार तुकडे केले, टेबलावरच्या गठ्ठ्यातून कोरा कागद घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुम्हीच लिहा, विमलाबाई," ती म्हणाली. ताई नाही म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसले आणि समास सोडून लिहायला सुरुवात केली.